गजभिये काकांचं एक्सचेंज

गजभिये काकांनी आजवर स्वतःहून कुणाचा फोन ठेवलेला नाही. समोरचा ठेवेल तेव्हा ठेवेल, तोवर हे कानाला लावून बसलेले. कर्ज घ्या म्हणून मागे लागणाऱ्या मुली, विमा विकणारी पोरं, तुमचं कार्ड आज रात्री बंद पडणार म्हणून घाबरवणारे भामटे, राँग नंबर, सगळ्यांचं ते शेवटपर्यंत ऐकून घेतात. एकदा एका कर्जवाल्या मुलीचं पाऊण तास ऐकलं. शेवटी तीच रडकुंडीला येऊन म्हणाली, "अंकलजी, आपको लोन नहीं चाहिए ना? तो मैं रख दूं?" काका म्हणाले, "तुम्हारी मर्जी, बेटा. हमारी तरफ से लाइन चालू है."

मी त्यांची शेजारीण. इंदूरच्या भंवरकुआं चौकामागे आमची चाळीसेक घरांची कॉलनी आहे, त्यात आमच्या दोघांच्या बाल्कन्या एकमेकींना लागून. मी शाळेत गणित शिकवते. उत्तर आलं की दोन रेघा मारायच्या आणि पुढचं गणित घ्यायचं, हा माझा स्वभाव. अशा बाईच्या शेजारी देवाने हा माणूस आणून ठेवला.

सुधाकर गजभिये, वय अडुसष्ट. वडील महूच्या छावणीत फौजेत होते, हे स्वतः टेलिफोन खात्यात ट्रंक ऑपरेटर, म्हणजे बाहेरगावचे कॉल हाताने जोडून देणारे. आवाज अजून तसाच, नाकातून येणारा आणि खणखणीत. वाक्य संपलं की जरा थांबतात, समोर पोचलं का ते बघायला. काकू दोन वर्षांपूर्वी मुलीच्या बाळंतपणाला नागपूरला गेल्या त्या तिथल्याच झाल्या. नातू आता "आजोबा, ठेवा ना फोन" असं स्पष्ट म्हणतो, तरी हे ठेवत नाहीत.

त्यांचं एक पालुपद आहे. राज्यघटनेतलं बोलण्याच्या स्वातंत्र्याचं कलम, "एकोणीस-एक-ए." भाजीवाला कालची भेंडी आजची म्हणून विकायला लागला आणि मी तोंड उघडलं की काका मागून म्हणणार, "बोलू द्या त्याला, मॅडमजी. एकोणीस-एक-ए." भेंडी मात्र ते घेत नाहीत.

या माणसाला कॉलनीच्या मोबाइल ग्रुपमधून काढलं, तिथून सगळं सुरू झालं.

ग्रुप तिवारीजींच्या ताब्यात होता. तिवारीजी म्हणजे आमच्या कॉलनी समितीचे अध्यक्ष, हेडमास्तर म्हणून निवृत्त झालेले. एकाचा जन्म लोकांना "बोला" म्हणण्यात गेलेला, दुसऱ्याचा "चूप" म्हणण्यात. तरी दोघांची दोस्ती घट्ट. रोज सकाळी आठला चौकात एका बाकावर चहा, पंधरा वर्षं. दिवाळीला कॉलनीत पोहे झाले, तिवारीजी जातीने कढईजवळ उभे राहिले, आणि संध्याकाळी काकांनी ग्रुपवर लिहिलं: "पोहे कच्चे होते."

इंदूरमध्ये माणसाच्या खानदानाबद्दल शंका घेतली तर एक वेळ चालेल. पोह्यांबद्दल नाही. तिवारीजींनी तो मेसेज काढून टाकला. काकांनी परत लिहिला. त्यांनी परत काढला. अकरा वेळा हे झाल्यावर तिवारीजींनी काकांनाच काढलं.

दुसऱ्या दिवशी काका माझ्या दारात उभे. चेहरा पांढराफटक. "मॅडमजी, माझी लाइन कापली."

"अहो, एक ग्रुप तर आहे. सुटलात म्हणा. सकाळी शंभर गुलाबांची फुलं बघावी लागत नाहीत."

"फुलांचा प्रश्न नाही. स्विच एका माणसाच्या हातात आहे, हा प्रश्न आहे."

मग दोन महिने काका कुणाला दिसले नाहीत. चौकातला बाक रिकामा. बाल्कनीतून रात्रंदिवस इंग्रजी व्हिडिओंचे आवाज. आणि एका सकाळी त्यांनी मला हाक मारून बाल्कनीतला जुना कूलर दाखवला. मोटर, पंखा, वाळ्याचे पडदे सगळं काढून टाकलेलं, आणि आत पत्र्याच्या पोटात एक कॉम्प्युटर गुरगुरत होता.

"हे काय?"

"सर्व्हर. आपलं स्वतःचं. नाव 'खुली लाइन'."

मला काही समजलं नाही हे माझ्या तोंडावर दिसलं असावं. काकांनी खुर्ची ओढली आणि समजावलं. हे जे मोठमोठे सोशल मीडिया आहेत ना, म्हणाले, ते म्हणजे सगळ्या देशाला मिळून एकच एक्सचेंज, आणि त्याचा मालक कुठेतरी सातासमुद्रापार बसलेला. त्याचं डोकं फिरलं की तुमची लाइन गेली. पूर्वी असं नव्हतं. महूचं एक्सचेंज वेगळं, हातोदचं वेगळं, इंदूरचं वेगळं, मधे ट्रंक लाइन. एक बंद पडलं तरी बाकीचे बोलतात. आता सोशल मीडिया पण असाच होणार. प्रत्येक कॉलनीचं आपलं सर्व्हर, सगळी सर्व्हर एकमेकांना जोडलेली, मालक कुणीच नाही. "दहा वर्षं थांबा फक्त. कोण कुणाला काढणार?"

"आणि कुणी घाणेरडं बोललं तर?"

"एकोणीस-एक-ए."

"पण त्याच्याखाली एकोणीस-दोन पण आहे ना? बोलण्यावरची बंधनं?" नागरिकशास्त्राची बाई रजेवर गेली की तो तास माझ्या गळ्यात पडतो, म्हणून मला माहीत.

 "माझ्या प्रतीत त्या पानावर चहा सांडलाय. नीट दिसत नाही."

खुली लाइनचे आम्ही चौदा सभासद झालो. नवा सभासद आला की काका खात्याच्या शिस्तीने त्याच्या घरी लाइन टेस्टिंगला जात. त्यासाठी फॉर्ममध्ये घर नंबर लिहिणं सक्तीचं. दारात उभे राहून सांगत, "एक ते दहा आकडे टाइप करा. हां. पोचले." तक्रार आली की तिला डॉकेट नंबर. वीज गेली, इन्व्हर्टर संपला आणि सर्व्हर झोपला, तर काका स्वतः स्कूटर काढून घरोघरी फिरत: "सर्व्हर डाउन आहे. तुम्हाला मागच्या गल्लीतून कुणीतरी 'हा हा हा' लिहिलं होतं, ते सांगायला आलो."

काकूंचा भाऊ भास्कर महूला असतो. त्यानेही दाजींच्या नादाने एक सर्व्हर टाकलं. दोन्ही जोडली गेली त्या दिवशी काकांनी कॉलनीत पेढे वाटले. "ट्रंक लाइन जुडली, भिया!" असं म्हणून त्यांनी दूधवाल्याला मिठी मारली. दूधवाला नंतर मला विचारत होता, यांच्याकडे लग्न आहे का.

आता या स्वतंत्र भूमीवर लोक काय बोलत होते, तर काही नाही. गॅसची गाडी आली का. लसूण कुठे स्वस्त. मागच्या गल्लीतल्या कुसुमताई, ज्यांचं घर पापड-कुरडयांवर चालतं, त्या उन्हाळ्याच्या ऑर्डरी तिथे घ्यायला लागल्या, तेवढाच काय तो उपयोग. काका मात्र प्रत्येक ओळ वाचून कृतार्थ होत.

आणि मग 'सच्चा इंदौरी' आला.

हा कोण ते कुणाला माहीत नव्हतं. रोज सकाळी आठ वाजून दहा मिनिटांनी तो काकांना एक शिवी लिहायचा. अचकट-विचकट नाही, शुद्ध आणि विचार करून लिहिलेली. "गजभिये, तू वो खंबा है जिस पे तार भी नहीं." "जिसे पोहे की समझ नहीं, वो लोकतंत्र क्या समझेगा." एकदा नुसतंच, "गजभिये, तेरे कूलर से तो गरम हवा आती है." काका प्रत्येकाखाली लिहीत, "आपका संदेश प्राप्त हुआ. धन्यवाद."

"काढून टाका हो त्याला," मी बाल्कनीतून ओरडायचे.

"काढायचं कुणालाच नाही, मॅडमजी."

मला राग यायचा. माणसाने सहन करावं, पण त्याचं व्रत घेऊ नये असं माझं मत आहे.

एप्रिलच्या शेवटी सच्चा इंदौरीने शिवी लिहिली नाही. त्याने लिहिलं: "कुसुमताई के पापड़ खाके तीन लोग अस्पताल में भर्ती. सावधान." संध्याकाळपर्यंत ते कॉलनीत पसरलं. तिवारीजींनी ते आपल्या ग्रुपवरही टाकून खाली शेरा मारला, "देख लो, बिना हेडमास्टर की क्लास में यही होता है." रात्रीपर्यंत नऊ घरांनी पापड नको म्हणून कळवलं. वर्षाची सगळी मिळकत त्या दोन महिन्यांची असते त्या बाईची.

कुसुमताई दुसऱ्या दिवशी काकांकडे आल्या. भांडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी मोबाइल पुढे धरला आणि विचारलं, "काका, हे खोटं आहे ना?"

"खोटं आहे, ताई. मी दोन्ही दवाखान्यांत जाऊन विचारून आलो."

"मग हे इथे अजून का आहे?"

काकांच्या तोंडून एकोणीसही निघालं नाही आणि एकही नाही. त्या गेल्यावर मी तडक आत शिरले. काका कूलरसमोर बसले होते, हात मांडीवर.

"आता तरी काढणार का?" मी म्हटलं. "आणि तुम्हाला खरंच माहीत नाही तो कोण आहे?"

"पहिल्या दिवसापासून माहीत आहे. तिवारी."

मी खुर्चीत बसले.

"टेस्टिंगसाठी फॉर्ममध्ये घर नंबर लिहावा लागतो ना. नाव खोटं लिहिलं, घर नंबर खरा. जन्मभर हेडमास्तर, फॉर्म चुकीचा भरायची सवयच नाही." काका हसले. "मी गेलो होतो टेस्टिंगला. फाटकापर्यंत. बेल नाही वाजवली. बिचाऱ्याला लाज वाटली असती."

"आणि तरी रोज शिव्या खाल्ल्या?"

 काका म्हणाले, "मॅडमजी, त्यांची मिसेस गेली, मुलगा तिकडे परदेशात. माझी ही नागपूरला. चहा बंद झाला. सकाळी आठ वाजून दहा मिनिटांनी एक माणूस आठवणीने माझं नाव लिहितो. दुसरं कोण लिहितं माझं नाव? तुम्ही पण 'गॅस आला का' एवढंच लिहिता."

ते मला लागलं. खरं होतं म्हणून जास्त लागलं.

"ट्रंक बोर्डावर होतो तेव्हा तीन मिनिटं झाली की मधे बोलायचं असे," ते पुढे म्हणाले. "'तीन मिनट हो गए.' गर्दी असली की तोडायचं. एकदा सिमरोलच्या एक बाई मुलाशी बोलत होत्या. मुलगा फौजेत, लांब कुठेतरी. अडीच मिनिटं नुसत्या रडल्या. मग म्हणाल्या, 'बेटा, एक बात बतानी थी...' आणि माझ्या घड्याळात तीन मिनिटं झाली. मागे लाइनीत अकरा कॉल. तोडला. काय सांगायचं होतं हो त्यांना? पस्तीस-चाळीस वर्षं झाली."

 

"पण आज कसं झालंय," काका हळूहळू, स्वतःलाच समजावल्यासारखं म्हणाले, "तिवारी बोलला, आणि त्याने कुसुमताईंची लाइन तुटली. आता कुणी त्यांचं ऐकतच नाही. एकाच्या बोलण्याने दुसऱ्याची लाइन तुटली तर ऑपरेटरने काय करायचं?" ते उठले, कपाटातून राज्यघटना काढली, चहा सांडलेलं पान उघडलं आणि चष्मा वर-खाली केला. "दिसतंय की. सगळं दिसतंय."

सच्चा इंदौरीची लाइन सात दिवस बंद. पापडाची ओळ काढली, खाली खरं काय ते लिहिलं, डॉकेट नंबरसकट.  बटण काकांनी डोळे मिटून दाबलं, म्हणून पहिल्यांदा चुकून माझीच लाइन बंद झाली.

अजून एक भानगड उरली होती. सगळी सर्व्हर एकमेकांना जोडलेली, म्हणजे ती खोटी ओळ महूला भास्करकडेही जाऊन बसली होती, आणि तिथे काकांचा हात पोचत नव्हता. त्यांनी फोन लावला. पलीकडून भास्करचा बाणेदार आवाज मलासुद्धा ऐकू आला: "दाजी, एकोणीस-एक-ए! तुम्हीच शिकवलं. इथे स्विच तुमच्या हातात नाही." काकांच्या चेहऱ्यावर अभिमान आणि वैताग असे दोन्ही एकदम दिसले. पण फोन त्यांनी ठेवला नाही, तो भास्करने ठेवला. मग काका कुसुमताईंचे दोन पाकिटं पापड घेऊन बसने महूला गेले. बहिणीच्या नवऱ्यासमोर भास्करने अकरा पापड तळून खाल्ले, तासभर वाट बघितली, पोटात काही झालं नाही, तेव्हा ती ओळ काढली आणि स्वतःसाठी पाच किलोची ऑर्डर दिली.

दुसऱ्या दिवशी मी कपडे वाळत घालत होते. आठ वाजून दहा मिनिटांनी काका इस्त्रीचा शर्ट घालून समोरच्या तिवारीजींच्या फाटकात. या वेळी बेल वाजवली. तिवारीजी बनियनवर बाहेर आले.

"आपकी लाइन सात दिन बंद है," काका म्हणाले. "आज का जो लिखना था, वो बोल दो."

"क्या लिखना था?"

"मुझे क्या मालूम. टाइम तो हो गया."

तिवारीजींचे कान लाल झाले. आयुष्यभर पोरांना मुर्गा बनवलेला माणूस, पण समोर उभ्या माणसाला शिवी देणं वेगळं असतं. बराच वेळ शोधून म्हणाले, "तुम... तुम ठीक आदमी नहीं हो."

"संदेश प्राप्त हुआ. धन्यवाद." काका परत आले.

दुसऱ्या दिवशीही गेले. तेव्हा तिवारीजींना तेवढंही जमलं नाही. तिसऱ्या दिवशी त्यांनी विचारलं, "तुमको कब से पता है?" काका म्हणाले, "शुरू से." तिवारीजींनी दार लावून घेतलं. मला वाटलं संपलं. पण दुपारी ते डोक्यावर टोपी घालून उन्हात मागच्या गल्लीत गेले, कुसुमताईंच्या दारात हात जोडून उभे राहिले आणि नंतर कॉलनीच्या ग्रुपवर स्वतःच्या खऱ्या नावाने लिहिलं, की ती अफवा मीच उठवली, गजभियेचं सर्व्हर बदनाम व्हावं म्हणून. खाली तीन किलोची ऑर्डर. हेडमास्तरांचा माफीनामा बघून नऊपैकी सात घरांनी पुन्हा ऑर्डरी दिल्या. उरलेली दोन घरं अजून घाबरतात, त्याला काय करणार.

सहाव्या-सातव्या दिवशी काका फाटकातून बराच वेळ परत आले नाहीत.

आठवा दिवस रविवार होता. बरोबर आठला काकांनी सच्चा इंदौरीची लाइन जोडली आणि कूलरसमोर बसले. आठ-दहा झाले. आठ-वीस. मी बाल्कनीतून विचारलं, "आलं का काही?"

"नाही. लाइन चालू आहे. मीच टेस्ट केली." थोड्या वेळाने परत म्हणाले, "दोनदा केली."

साडेआठला त्यांनी चष्मा काढून पुसला. तोंड एवढंसं झालं होतं. शिक्षा संपली आणि तिवारीजींकडे जायचं कारणही संपलं, हे काकांच्या आता लक्षात आलं असावं. मला फार वाईट वाटलं. मी मोबाइल घेतला आणि खुली लाइनवर काहीतरी लिहावं म्हणून "काका" एवढं टाइप केलं, पुढे शिवी सुचेना.

पावणेनऊला काकांचं फाटक वाजलं. तिवारीजी. दाढी केलेली, पायात घरातल्याच चपला. बाल्कनीखाली उभे राहून वर बघत म्हणाले, "गजभिये, मोबाइल में अक्षर बहुत बारीक आते हैं. सामने बैठ के बोल दूं तो चलेगा?"

 काकांनी दुसरी खुर्ची ओढून ठेवली.

तिवारीजी वर आले, आधी दोन वाक्यं जोरात शिव्या दिल्या, कर्तव्य म्हणून. मग गुडघ्याचं सांगितलं. मग मुलाचं, की तो रविवारी फोन करतो पण मागे टीव्ही चालू ठेवतो. मग बायकोचं. ते मी ऐकलं नाही, कपडे उचलून आत आले.

अकराच्या सुमारास मोबाइल बघितला तर खुली लाइन बंद. वीज केव्हाच गेली होती, इन्व्हर्टरही संपला असणार. चौदा माणसं, महूची ट्रंक लाइन, सगळं ठप्प, आणि स्कूटर जागेवरच उभी. मी काकांना सांगायला बाल्कनीत गेले. तिवारीजी खाली मान घालून बोलत होते, काका त्यांच्याकडे बघत ऐकत होते. मी तशीच आत आले. तिवारीजींचं वाक्य अर्ध्यात होतं.